मुलीसाठी 'मीरा' हे नाव: हिब्रू, रशियन आणि मराठी अर्थ, स्पेलिंग (सल्ला हवा)

कोकणपार
नमस्कार मंडळी. मुलीसाठी 'मीरा' हे नाव जवळजवळ ठरलं आहे. आईकडचं घर इस्रायलमधल्या अश्दोदचं, बेने इस्राएल (कोकणातले मराठीभाषक ज्यू). तिथे आजी-आजोबा आपसात मराठीच बोलतात. वडलांकडच्या घरी रशियन. जन्मनोंद इस्रायलमध्ये होईल.
नाव दोन्ही घरांना आवडलंय, पण प्रत्येक जण अर्थ वेगळा सांगतो: शांती, जग, प्रकाश, कडू, समुद्र. बाळांच्या नावांच्या साइट्सवर तर हे सगळे अर्थ एकाच ओळीत असतात. यातलं खरं काय? हिब्रूत कसं लिहायचं, इंग्रजीत एम-आय-आर-ए की एम-डबल-ई-आर-ए? आणि पुढे मुलीला त्रास होईल असं काही आहे का?

रेश_दालेत
हिब्रूपासून सुरुवात करतो, कारण नोंद तिथे होणार आहे आणि अर्थही तिथल्या स्पेलिंगवरच ठरेल.

दोन पर्याय आहेत. पहिला, हिब्रू अक्षरं अशी: मेम, योद, रेश आणि शेवटी 'हे'. उच्चार सरळ 'मीरा'. हे बहुतेक वेळा मिर्यामचं लघुरूप मानतात. मिर्याम म्हणजे मोशेची मोठी बहीण, जिला बायबलमधल्या निर्गमच्या पंधराव्या अध्यायात 'संदेष्ट्री' म्हटलंय. मिर्याम या नावाचा मूळ अर्थ मात्र अभ्यासकांत वादाचाच आहे. 'मार' म्हणजे कडू, यावरून एक अर्थ लावतात. 'मेरी' म्हणजे बंडखोरी, यावरून दुसरा. आणि तिसरं मत असं की नाव इजिप्शियन आहे, 'प्रिय' या अर्थाच्या 'म्र्य' धातूवरून आलेलं. घराणं इजिप्तमध्ये राहिलेलं, मोशेचं नावही बहुतेक अभ्यासक इजिप्शियन मानतात, त्यामुळे मला तिसरं मत जास्त पटतं. 'कडू' ऐकून नाव सोडू नका.

दुसरा पर्याय: मेम, आलेफ, योद, रेश आणि शेवटी 'हे'. हे 'मेइरा', म्हणजे प्रकाश देणारी. 'ओर' म्हणजे उजेड, त्या धातूपासून. पुरुषाचं रूप मेइर. इस्रायलच्या नेत्या गोल्डा मेइर यांनी १९५६ मध्ये मेयरसनचं मेइर केलं ते याच शब्दावरून. स्तोत्र १९ मध्ये 'मेइरात एनायिम' येतं, डोळे उजळवणारी. उरी, लिओर, ऑर्ली ही नावं याच कुळातली.

म्हणजे मधला एक आलेफ घातला तर 'उजेड', काढला तर 'मिर्याम'. पण आलेफ घातला की लोक 'मेइरा' म्हणणार, 'मीरा' नाही. तुम्हाला आवाज 'मीरा' हवा असेल तर आलेफ नको.

शब्दवेल
शिवाय हिब्रूत मीरा म्हणजे 'शांती' असं जे छापलेलं दिसतं ते चूक आहे. ते स्लाव्ह भाषांतून उचलून हिब्रूच्या रकान्यात टाकलेलं असतं. हिब्रूत शांती म्हणजे शालोम; त्यावरची मुलींची नावं श्लोमित, शुलामित. ग्रीकमध्ये शांतीचं नाव इरिनी, त्यातूनच रशियन इरिना. रशियन आजीला शांती हा अर्थ प्रिय असेल तर तो तिच्या भाषेतून मिळतोच आहे, हिब्रूवर लादायची गरज नाही.

वोल्गाकाठ
रशियन बाजू मी सांगते.

'मिर' या शब्दाचे आज दोन अर्थ आहेत, शांती आणि जग. १९१८ च्या लिपीसुधारणेपर्यंत दोन्ही शब्द वेगवेगळे लिहीत: शांतीतली 'इ' उलट्या एनसारख्या अक्षराने, जगातली 'इ' टिंबाच्या आयने. टिंबाचं अक्षरच वर्णमालेतून गेलं आणि दोन्ही शब्द दिसायलाही एक झाले. त्यामुळे अर्थ सांगताना 'शांती आणि जग' असं दोन्ही म्हणणं रशियनपुरतं रास्त आहे. शेजारच्या भाषांत तसं नाही. युक्रेनियनमध्ये 'मिर' (उच्चार थोडा वेगळा) म्हणजे फक्त शांती, जगाला 'स्वित'. झेक, सर्बियन, क्रोएशियनमध्येही तसंच.

आता व्यवहारातली गोष्ट. रशियनमध्ये नाव विभक्तीनुसार बदलतं. मिरा, मिरी, मिरे, मिरु, मिरोय. आणि 'मिर'चं षष्ठीचं रूप नेमकं 'मिरा' आहे. म्हणून मुलीला वाचता यायला लागलं की तिचं नाव सगळीकडे दिसेल: 'चेम्पियोनात मिरा' म्हणजे जागतिक अजिंक्यपद, मॉस्कोतला 'प्रोस्पेक्त मिरा' म्हणजे शांतीचा रस्ता (१९५७ पासून हे नाव), त्याच नावाचं मेट्रो स्थानक. 'मिरु मिर' ही सोव्हिएत काळातली भिंतीभिंतीवरची घोषणा, 'जगाला शांती'. त्यातलं 'मिरु' हे 'मीराला' या अर्थाच्या द्वितीयेसारखंच दिसतं. लहान मुलांना याची गंमत वाटते, त्रास काही नाही.

लाडाची रूपं: मिरोच्का, मिरुस्या. 'मिर्का' टाळा. पोलिश आणि झेकमध्ये 'का' प्रेमाचं आहे, पण रशियनमध्ये नावाला नुसतं 'का' लावलं तर जरा उर्मट, हाक मारून झिडकारल्यासारखं ऐकू येतं.

शब्दवेल
व्लादिमिर, काझिमिर या नावांतला 'मिर' मात्र मुळात शांतीचा नसावा. जुन्या लिखाणात ते व्लादि-मेर असं येतं, आणि तो 'मेर' गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या 'मेर्स' (थोर, नामांकित) या शब्दाचा भाऊ आहे. जर्मन वाल्डेमारमधला 'मार' तोच. नंतर लोकांनी तो ओळखीच्या 'मिर'सारखा वाचला. मिरोस्लावामधला सुरुवातीचा 'मिर' शांतीचा धरतात.

आणि कुणी 'मिर हा संस्कृतातून गेला' म्हणेल तर तसंही नाही. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध आपल्या 'मित्र'शी जोडतात, पण दोन्ही एका जुन्या धातूची लेकरं म्हणून. एकातून दुसरा निघाला असं नव्हे.

प्रागवासी
इथेच विचारते. आमच्याकडे मराठी-झेक घर आहे आणि हेच नाव मनात आहे. झेकमध्ये काही अडचण?

वोल्गाकाठ
आहे, आणि नोंदणीच्या आधी कळलेली बरी. झेकमध्ये दीर्घ 'ई'वर तिरकी रेघ देतात. 'मीरा' असं दीर्घ लिहिलं तर ते पुरुषाचं लाडाचं नाव होतं: मिरोस्लाव, यारोमिर, व्लादिमिर यांना घरात मीरा म्हणतात. शिवाय दीर्घ 'मीरा' हा साधा शब्दही आहे, अर्थ 'माप, प्रमाण'; महागाईच्या दरालाही हाच शब्द. मराठीत दीर्घ आहे म्हणून हौसेने रेघ देऊ नका. ऱ्हस्व 'मिरा' लिहा, ते मुलीचं नाव म्हणून चालतं. हाक मारताना ते 'मिरो' होईल, झेकमध्ये संबोधनाचं रूप वेगळं असतं. 'मिर्का' तिथे छान, मिरोस्लावाचं नेहमीचं लाडाचं रूप.

रेश_दालेत
माप हा शब्द हिब्रूतही आडवा येतो! छापील हिब्रूत रेश आणि दालेत यांत फरक फक्त उजव्या वरच्या कोपऱ्याचा: रेश गोल, दालेतला टोक बाहेर. रेशच्या जागी दालेत पडला की 'मीरा'चं 'मिदा' होतं, म्हणजे माप, कपड्याचा साइज. हाताने लिहिताना दुसरी चूक: योद खाली लांबला की वाव दिसतो आणि शब्द 'मोरा' होतो, शिक्षिका. फॉर्म हाताने भरत असाल तर योद वरच्या वर, टिचकीएवढाच ठेवा.

शब्दवेल
इंग्रजी स्पेलिंगबद्दल माझं ठाम मत: एम-आय-आर-ए.

डबल ई हा इंग्रजी वाचणाऱ्यांसाठीचा तोडगा आहे, भारतात तो रुळला कारण आपण इंग्रजीवरून वाचतो. पण लॅटिन लिपी वापरणारे झेक, पोलिश, क्रोएशियन लोक दोन ई पाहून 'मेएरा' म्हणतात. आणि 'मेरा' म्हणजे रशियन, सर्बियनमध्ये पुन्हा मापच. रशियन कागदपत्रात डबल ईचं अक्षरशः लिप्यंतर झालं तर 'मेएरा' छापून येतं, मग दोन देशांच्या कागदांवर दोन मुली. आय लिहिलं तर इंग्रजीत कुणी एखादेवेळी 'मायरा' म्हणेल, तेवढं एकदा सांगितलं की भागतं. स्पॅनिश बोलणाऱ्यांत 'मिरा' म्हणजे 'बघ!', तेही सांगून ठेवते. अल्बेनियनमध्ये 'मिरे' म्हणजे चांगलं, आणि मिरा हे तिथलंही मुलीचं नाव आहे.

पासपोर्टवर जे लॅटिन स्पेलिंग येईल तेच ओसीआय कार्डावर (परदेशस्थ भारतीयांच्या ओळखपत्रावर) येतं. त्यामुळे पहिल्या पासपोर्टच्या अर्जातच स्पेलिंग स्वतः लिहून द्या, लिप्यंतर कुणावर सोडू नका.

कोकणपार
खूप आभार. आजोबांचा प्रश्न राहिला: आपली मीराबाई आणि ही मीरा एकच का?

शब्दवेल
आवाज एक, कूळ वेगळं. संस्कृत कोशांत 'मीर' म्हणजे समुद्र, तसंच सीमा. नावांच्या पुस्तकातला 'समुद्र' तिथून येतो. मीराबाईंच्या नावाबद्दल मात्र एकमत नाही, काही जण ते फारसी 'मीर'शीही जोडतात. स्लाव्ह किंवा हिब्रू मीराशी त्याचा धागा जुळत नाही.

पण भेटीगाठी झालेल्या आहेत. पाँडिचेरीच्या श्रीमाताजी, मीरा अल्फासा, १८७८ मध्ये पॅरिसमध्ये ज्यू घरात जन्मल्या, वडील तुर्कस्तानातले, आई इजिप्तमधली. त्यांचं 'मीरा' (लॅटिनमध्ये दोन आर) हे जन्माचंच नाव होतं, भारतात आल्यावर मिळालेलं नव्हे. उलट मॅडलीन स्लेड १९२५ मध्ये साबरमतीला आल्या आणि गांधीजींनी त्यांना मीराबेन केलं, ते थेट मीराबाईवरून. आजोबांना या दोन्ही मीरा सांगा.

बेने इस्राएलांना एका नावाचे दोन पोशाख नवे नाहीतच. मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होते. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्याच सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात.

वोल्गाकाठ
पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत हे नाव नेमकं दोन्ही बाजूंना पाय ठेवून होतं. कागदावर मिरा, धर्मविधीत मिर्याम, घरात यिद्दिशमधलं मिरेले किंवा मिर्के. बाहेरच्या शेजाऱ्याला ते मिरोस्लावाचं लघुरूप वाटायचं.

वॉर्सा घेट्टोच्या नाझींविरुद्धच्या उठावातली मिरा फुखरेर आठवते. ८ मे १९४३ ला ती मिवा रस्त्यावरच्या १८ क्रमांकाच्या बंकरमध्ये उठावाचा नेता मोर्देखाय अनिएलेविच याच्यासोबत मरण पावली. 'मिवा' (लिहितात मिला, पण तिथला 'ल' काट मारलेला) म्हणजे प्रिय, लोभस. हा 'मिल' शब्दही 'मिर'च्या जवळचाच नातेवाईक मानतात. त्या रस्त्याचं नाव लिहिताना हात थांबतो.

तारांगण
आणखी एक मीरा राहिली, लॅटिन. 'मिरुस' म्हणजे अद्भुत, त्याचं स्त्रीलिंग 'मिरा'. तिमिंगल तारकासमूहात या नावाचा तारा आहे. १५९६ मध्ये खगोलनिरीक्षक डेव्हिड फाब्रिसियसनं त्याची नोंद केली. तो दिसायचा, मग नाहीसा व्हायचा. १६६२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसनं त्याला मिरा म्हटलं. सुमारे ३३२ दिवसांचं चक्र आहे: तेजाच्या दिवसांत नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसतो, मंदावला की दुर्बीणच लागते. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी दक्षिणेकडे शोधा, आणि त्या वर्षीचा तेजाचा महिना आधी बघून ठेवा, नाहीतर रिकामं आकाश दिसेल. मुलीला दाखवायला याहून चांगलं काय.

कोकणपार
ठरलं. मेम-योद-रेश-हे, एम-आय-आर-ए, मराठीत दीर्घ 'मी'. एक शेवटचं: हिब्रूत लाडानं 'मिरी' म्हणतात, पण मराठी आजीच्या कानाला ते मसाल्याच्या डब्यातलं वाटतंय.

रेश_दालेत
मिरी हे हिब्रूत मिर्यामचं अगदी नेहमीचं रूप आहे, शाळेत ते आपोआप पडेल, थांबवता येणार नाही. आजीनं 'मीरू' म्हणावं. रशियन आजी 'मिरोच्का' म्हणेलच. हिब्रूत 'र' घशातून येतो, मराठी-रशियन घरांत जिभेच्या टोकावर, त्यामुळे मुलीला तिच्या नावाचे दोन 'र' पहिल्यापासून ऐकायला मिळतील.

सिनेगॉगमध्ये नाव ठेवताना मात्र आधी ठरवा की विधीतलं नाव मीरा की मिर्याम, कारण पुढे कतुबात (ज्यू विवाहकरारात) तेच लिहिलं जाईल. आणि जन्मनोंदीचा छापील कागद हाती आला की जागच्या जागी तिसरं अक्षर नीट बघा: वरचा उजवा कोपरा गोल हवा. टोक दिसलं तर खिडकीवरून हलण्याआधी दुरुस्त करून घ्या.