सुट्या मॅक्झिलाची साईड परत चुकली, हा पिरॅमिड नक्की कुठे आहे?

अक्कलदाढ_उगवतेय:
फर्स्ट इयरला आहे. काल इंटर्नल व्हायवात सरांनी हातात सुटी मॅक्झिला, म्हणजे वरच्या जबड्याचं एका बाजूचं हाड, दिलं, म्हणाले साईड सांग, मी लेफ्ट म्हटलं, निघाली राईट. मग विचारलं बॉडीचा शेप काय, म्हटलं पिरॅमिड, तर म्हणे बेस दाखव, आणि मी बिनधास्त खालची दातांची बाजू दाखवली. सर काही बोलले नाहीत, नुसतं हाड परत घेतलं, ते जास्त लागलं. रात्री पुस्तक उघडलं तर बेस मेडियल म्हणजे मिडलाईनकडे आणि अ‍ॅपेक्स लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूला. अहो वाचलं होतं आधी! चार सरफेस, चार प्रोसेस (बॉडीला फुटलेले फाटे) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण हाड हातात आलं की पाठ केलेलं आणि समोरचं काही म्हणता काही जुळत नाही.

अजून एक, आतल्या बाजूला केवढं मोठं भोक आहे, करंगळीचं टोक सहज आत जातं, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं की सायनसचं (हाडातल्या हवेच्या पोकळीचं) तोंड बारीक असतं. मग हे भोक कसलं? आमच्या पेटीतलं हाडच फुटकं आहे की काय? दोन आठवड्यांनी फायनल आहे, प्लीज कुणीतरी पाठांतर न सांगता समजावा.

इंटर्न_आहे_अजून:
बेस खाली दाखवणारा तू पहिला नाहीस, आमच्या बॅचमध्ये निम्म्या पोरांनी तेच केलं होतं. सगळा घोळ त्या शब्दाचा आहे. पिरॅमिड म्हटलं की डोळ्यांसमोर जमिनीवर बसलेला येतो, आणि हा आडवा पडलेला आहे. बूड नाकाकडे, टोक गालाकडे. आत्ता वाचता वाचता गालाच्या उंचवट्यावर बोट ठेव. त्याच्या जरा आतल्या अंगाला झायगोमॅटिक प्रोसेस गालाच्या हाडाला भेटते, ते टोक. तिथून बोट नाकाकडे सरकवत आण, आलास बेसवर. बेस म्हणजे नाकाची बाहेरची भिंत, बस. आता उरल्या तीन बाजू, वरची डोळ्याची फरशी, पुढची चेहऱ्याची, मागची इन्फ्राटेम्पोरल. झाले चार सरफेस, पाठ काय करायचंय त्यात. आणि दात ज्यात बसतात ती अल्व्हिओलर प्रोसेस, ती बॉडीला खालून लागलेली आहे, बॉडी नाहीच ती, तू नेमकं तिलाच बेस समजलास.

साईडसाठी मी असं करायचो: सॉकेट म्हणजे दातांचे खड्डे खाली, भोकाची बाजू आत म्हणजे मिडलाईनकडे. मग पुढचं मागचं ठरवायचं, घसरतात सगळे इथेच. फ्रंटल प्रोसेस पुढच्या अंगाला वर उभी असते आणि मागे ट्युबरॉसिटीचा गोल फुगवटा. तरी शंका आली तर सॉकेट बघ, कॅनाइनचं सगळ्यात खोल, मोलरची रुंद आणि आत पडदे घालून वाटण्या केलेली, म्हणजे रुंद बाजू मागे. एवढं झालं की हाड स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धर, ज्या गालावर बसेल ती साईड. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मनात बसवलंस की उलटं उत्तर येतं, तुझं काल तेच झालं असणार.

मागचा_बाक:
एवढं कशाला, चार प्रोसेस म्हणजे कपाळ, गाल, दात, टाळू. फ्रंटल, झायगोमॅटिक, अल्व्हिओलर, पॅलेटाइन. मी ह्याच्यावर पास झालो. आणि मॅक्झिला ८ हाडांना जोडलेली असते हे विचारतातच, लक्षात ठेव.

हाडांची_पेटी:
८ नाही, ९. फ्रंटल, इथमॉइड, नेझल, लॅक्रिमल, झायगोमॅटिक, पॅलेटाइन, इन्फिरिअर नेझल कॉन्का, व्होमर आणि पलीकडची मॅक्झिला. ती जुळी बहीणच सगळे विसरतात, तुम्हीही तीच विसरलात.

आता भोकाचं. हाड फुटकं नाही बाळा, ते असंच असतं. त्याला मॅक्झिलरी हायाटस म्हणतात आणि ते मोठं दिसतं कारण ज्यांनी ते झाकायचं ती शेजारची हाडं तुझ्या हातात नाहीत. अख्ख्या कवटीत मागून पॅलेटाइन बोनची परपेंडिक्युलर प्लेट येते, खालून इन्फिरिअर कॉन्का, वरून इथमॉइडची अन्सिनेट प्रोसेस, वरच्या पुढच्या कोपऱ्यात थोडं लॅक्रिमल, आणि राहिलेलं बरंचसं म्युकोसा म्हणजे आतलं अस्तर झाकतं. सगळे आपापला भाग झाकून बसले की जे बारीक तोंड उरतं ते ऑस्टियम, ते मिडल मिएटसमध्ये (नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मधल्या गल्लीत) हायाटस सेमिल्युनॅरिसला उघडतं. नाव बघ, हायाटस दोन आहेत, एक मॅक्झिलाच्या हाडातलं आणि एक नाकाच्या भिंतीवरची अर्धचंद्रासारखी खाच. व्हायवात हमखास इथे अडकवतात आणि मुलं एकाच्या जागी दुसरं सांगून मोकळी होतात.

अख्खी कवटी मिळाली तर मधून कापलेली माग, आणि सुट्या हाडाच्या भोकाशेजारी ती धरून बघ, पाच मिनिटांत डोक्यात बसेल.

आणि ते ऑस्टियम भिंतीत उंचावर आहे हे विसरू नकोस. मोठ्या माणसाचा सायनस साधारण १५ मिलीचा, फरशी पार दातांच्या मुळांपाशी, आणि निचऱ्याचं तोंड छताजवळ! माणूस उभा असताना आपोआप काहीच बाहेर पडत नाही, सिलिया म्हणजे अस्तरावरचे बारीक केस म्युकस वर ढकलत नेतात म्हणून चालतं. सर्दीत आतलं अस्तर सुजलं, तोंड बंद झालं की तुंबलंच. जुने लोक ह्याला हायमोरचं अँट्रम म्हणतात, हायमोर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६५१ साली वर्णन केलं म्हणून, पण लिओनार्डो दा विंचीने १४८९ च्या कवटीच्या चित्रांत हा सायनस आधीच काढून ठेवलेला आहे. नाव मात्र हायमोरचं झालं.

अक्कलदाढ_उगवतेय:
बापरे, जुळी बहीण मीपण विसरलेलो. आज म्युझियममध्ये जाऊन बघितलं, पिरॅमिड आता खरंच दिसतोय. तिथे एक बारीक वायर पडली होती ती ऑर्बिटल सरफेसवरच्या खाचेत घातली तर पुढे हाडाच्या आत शिरली आणि चेहऱ्याच्या बाजूला इन्फ्राऑर्बिटल फोरॅमेनमधून बाहेर आली, इतकं भारी वाटलं की मैत्रिणीला बोलावून परत करून दाखवलं. ग्रूव्ह, कॅनाल, फोरॅमेन हे तीन वेगळे शब्द म्हणून पाठ केले होते, एकच रस्ता आहे तो! पण प्रॅक्टिसमध्ये ह्या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का?

शांत_फोर्सेप्स:
प्रॅक्टिसला बरीच वर्षं झाली, म्हणून सांगते, रोज होतो.

सुरुवातीच्या दिवसांतला एक पेशंट अजून डोळ्यांसमोर आहे. वरची सहा नंबरची दाढ काढायची होती, एकटीच उरलेली, आजूबाजूचे दात कधीच गेलेले. अशा एकट्या दाढेभोवती सायनस खाली उतरलेला असू शकतो हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि हातातलं ह्यात तुझंच म्हणणं खरं. पॅलेटल रूट म्हणजे टाळूकडचं मूळ मोडलं, मी ते धरायला म्हणून जोर लावला आणि ते वर सटकून दिसेनासं झालं. पेशंटने चूळ भरली तर पाणी नाकातून आलं. मी तिथेच सिनिअरना फोन लावला. पुढे सगळं नीट झालं, पण तेव्हापासून एक्स-रेमध्ये सायनसची रेष कुठून जाते ते बघितल्याशिवाय मी वरच्या दाढेला हात लावत नाही आणि तुटलेल्या मुळाला खालून वर दाबत तर नाहीच नाही.

उलटी गंमतही होते. पेशंट येतो, वरच्या मागच्या सगळ्याच दाढा दुखतात म्हणतो, वाकलं की जास्त, आणि तोंडात बघावं तर दात ठणठणीत. त्या दातांच्या नर्व्ह सायनसच्या भिंतीतूनच जातात ना, मग भिंत सुजली की बोंब दात मारतात. हे माहीत नसेल तर चांगल्या दाताचं रूट कॅनाल होऊन बसतं.

इंजेक्शनचंही तसंच, वरची बाहेरची कॉर्टिकल प्लेट (हाडाचा बाहेरचा थर) पातळ आणि सच्छिद्र म्हणून इन्फिल्ट्रेशनने, म्हणजे दाताशेजारीच औषध सोडून काम भागतं, खालच्या दाढांना ब्लॉक म्हणजे अख्खी नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन द्यावं लागतं. पण पहिल्या मोलरच्या वर झायगोमॅटिक प्रोसेसचं मूळ जाड असतं, तिथे कधी कधी औषध नीट पोचत नाही. त्यातून तिचं मेझिओबक्कल रूट (गालाकडचं पुढचं मूळ) बऱ्याच जणांत मिडल सुपिरिअर अल्व्हिओलर नर्व्हच्या वाट्याला असतं, म्हणून मागच्या, पोस्टेरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर नर्व्हचा ब्लॉक देऊनही पेशंट आई गं म्हणतो. आणि तो ब्लॉक देताना सुई ट्युबरॉसिटीच्या मागे फार खोल नेऊ नकोस, तिथे टेरिगॉइड प्लेक्सस म्हणजे शिरांचं जाळं आहे, मिनिटाभरात गाल बघता बघता फुगतो.

अक्कलदाढ_उगवतेय:
हे वाचून आता दाढेचीच भीती वाटायला लागली. 😅 शेवटचा प्रश्न, पेटीत एक मॅक्झिला अशी आहे की तिला सॉकेटच नाहीत, खालची कड नुसती गुळगुळीत. तीच आली तर साईड कशी सांगायची?

हाडांची_पेटी:
ती दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची. दात गेले की अल्व्हिओलर हाड झिजत जातं, उंची घटते. तान्ह्या बाळातही उंची कमीच, पण कारण वेगळं, तिथे सायनस म्हणजे जेमतेम एक खळगी असते आणि दातांचे कोंब जवळजवळ डोळ्याच्या फरशीपर्यंत भिडलेले असतात.

अशा हाडात सॉकेट शोधत बसू नकोस. फ्रंटल प्रोसेस वर कर, पॅलेटाइन प्रोसेसची आडवी फळी मिडलाईनकडे. मग भोकाची बाजू समोर घे, भोकाच्या लगेच पुढे एक उभी पन्हळ खाली उतरताना दिसेल, डोळ्यातलं पाणी नाकात जातं तिची ती लॅक्रिमल ग्रूव्ह. ज्या बाजूला पन्हळ ती पुढची. दात असोत नसोत, ही पन्हळ जागेवरच असते.