फ्रीस्टाइलमध्ये अर्ध्या टँकलाच धाप लागते, श्वासाचं काय चुकतंय?

विहीरवाला:
गावी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय त्यामुळे पाण्याची भीती नाही, मुंडी वर काढून कितीही वेळ पोहतो. आता सकाळच्या बॅचला टँकवर जातो, तिथे सर म्हणतात डोकं पाण्यात घालून फ्रीस्टाइल करा. २५ मीटरचा टँक, पण अर्ध्यात जाईपर्यंत छाती भरून येते आणि श्वासाला तोंड वळवलं की नाकातोंडात पाणी. तसं रोज पळतो, दम बरा आहे. मग इथेच काय होतं? आणि सर सांगतात दर तीन हातांनी श्वास घ्या, ते तर जमतच नाही.

पहाटेची_बॅच:
दमाचा प्रश्नच नाही हो. तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास कोंडून धरत असणार. मग बाहेर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ असतो कुठे, अर्धवट घेताय तोवर तोंड परत पाण्यात. ते गुदमरल्यासारखं वाटतं ना ते ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. तोंड पाण्यात गेलं की लगेच बुडबुडे सुरू, हळूहळू, सतत. उथळ बाजूला कठडा धरून करून बघा, पाण्यात चक्क गुणगुणायचं, हवा आपोआप नाकातून जाते.

खाऱ्यापाण्यातली:
वरचं बरोबरच आहे पण विहिरीत शिकलेल्यांची खरी खोड मुंडीची. श्वासाला डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग ते ओढत नेण्यातच निम्मी ताकद जाते. मान नाही, खांद्यासकट अख्खं अंग कुशीवर वळवा. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, आणि नजर बाजूच्या लेनवर, छताकडे नको. पुढे सरकताना डोक्यापाशी लाट उठते आणि गालाजवळ पाण्यात खळगा पडतो, तोंड तेवढ्यातच उघडायचं. आणि श्वास घेताना पुढचा हात लांब ठेवा, बहुतेक जण तेव्हाच तो खाली दाबतात आणि बुडतात.

तीन हातांचं सध्या राहू द्या, दोन हातांनी एकाच बाजूला घ्या. ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर पोहणारेसुद्धा बरेचसे तसंच घेतात. दुसरी बाजू नंतर शिका मात्र, मालवणला चिवला बीचवर वगैरे समुद्रात उतरायचं असेल तर लागतेच, लाट ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून भागत नाही.

विहीरवाला:
धन्यवाद दोघांना. श्वास कोंडतो हे खरंय, आत्ता लक्षात आलं. घरी बादलीत तोंड घालून केलं तर चालेल का? आणि उतरण्याआधी भराभर दहा-बारा मोठे श्वास घ्यायला एकाने सांगितलंय.

पहाटेची_बॅच:
बादली चालेल. ते भराभर श्वास अजिबात नको. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग श्वास घ्यावासा वाटण्याआधीच पाण्यात शुद्ध जाऊ शकते, चांगले पोहणारेही असे गेलेत.

विहीरवाला:
बापरे, नको मग. नाकाला क्लिप लावू का?

खाऱ्यापाण्यातली:
इतक्यात नको, नाकातून हवा सोडायची सवयच लागणार नाही.