मदत हवी आहे: मुलीचे नवे बास्केटबॉल शूज घसरतात, दोष बुटांचा की कोर्टचा?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे, पॉइंट गार्ड खेळते, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी. नागपुरात आमच्या भागातल्या सिमेंटच्या उघड्या कोर्टवर रोज संध्याकाळी सराव असतो. सामने कधी बजाजनगरला, कधी शिवाजीनगरला, तर कधी हॉलमधल्या लाकडी कोर्टवर. तीन आठवड्यांपूर्वी सीताबर्डीतून तिला साडेपाच हजारांचे शूज घेतले. आमच्या घरात एवढे महागाचे बूट पहिल्यांदाच आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष नेमका कशाचा हेच मला कळलेलं नाही.

झालंय असं, की वेगात ड्रिबल करत जाऊन एकदम थांबायचं म्हटलं तर तिचा पाय चार बोटं पुढे जातो. गेल्या गुरुवारी दिशा बदलताना डावा घोटा मुरगळला. सूज दोन दिवसांत उतरली, पण मी कठड्यावर बसून ते पाहिलं, तेव्हापासून जिवाला चैन नाही. ती म्हणते, "बाबा, शूज मस्त आहेत, कोर्टवर धूळ आहे." कोच म्हणतात सवय होईल. दुकानदार वापरलेला माल परत घेत नाही.

मी नीट पाहिलं ते सांगतो. सोलचं रबर दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक आहे, त्यावर बारीक बारीक रेघा. अंगठ्याच्या बुडाखालच्या रेघा आताच सपाट झाल्यात. सराव संपल्यावर सोलवरून तळहात फिरवला की पिठासारखी धूळ हाताला लागते. हॉलमध्ये शूज चांगले करकरतात, घसरणं कमी होतं, पण थांबत नाही. आणि उजव्या अंगठ्याचं नख निळं पडलंय.

मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. शूज कोर्टवर कसे तपासायचे, काय पाहायचं, हे कोणी सांगेल का? पुढच्या महिन्यात शालेय स्पर्धा आहेत.

झोन_डिफेन्स यांचं उत्तर:

भाऊ, धुळीचा दोष आहेच. पण तुम्ही शेवटी लिहिलेलं नख मला जास्त खटकलं. सोल जमिनीवर घसरणं आणि पाय बुटाच्या आत घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. नख निळं पडतं ते बोटं पुढे जाऊन आपटतात म्हणून.

आधी हे वेगळं करा. खडूने कोर्टवर एक रेघ मारा, तिला वेगात येऊन रेघेवर थांबायला सांगा. मोबाइल जमिनीला टेकवून बाजूने स्लो मोशनमध्ये शूट करा. पाच वेळा जुन्या शूजवर, पाच वेळा नव्या. मग तोच कोपरा ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन पुन्हा पाच वेळा. प्रत्येक वेळी सोल रेघेच्या किती पुढे गेला ते टेपने मोजून लिहून ठेवा. पुसलेल्या जागी सोल जागेवर राहतो आणि तरी ती म्हणते घसरतं, तर गडबड आत आहे.

रबराबद्दल. बारीक, मऊ रेघा स्वच्छ लाकडावर छान धरतात. सिमेंटवर त्यांच्या फटींत धूळ भरते, आणि सिमेंट म्हणजे सँडपेपरच, झिजणारच. उघड्या कोर्टला जाड, कडक रबर आणि रुंद खोल नागमोडी रेघा पाहिजेत, म्हणजे धूळ बाहेर पडते. काही बुटांच्या सोलवर 'एक्सडीआर' असं कोरलेलं असतं, ते जास्त टिकणारं रबर. आम्ही सिमेंटवर खेळणारे दोन जोड ठेवतो, हॉलचा जोड बाहेर घालतच नाही.

अजून एक, मे महिन्यात शूज गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गोंद सैल होऊन सोल उकलतो.

साइज कोणता घेतला?

घोट्याची_काळजी यांचं उत्तर:

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. घोट्यापर्यंत उंच शूज घेतले की मुरगळणार नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. १९९३ साली अमेरिकेत ६२२ बास्केटबॉल खेळाडूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखे उंच आणि बुटके शूज वाटून दिले होते. मुरगळण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे उंचीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता मात्र बरीच जास्त असते, म्हणून दुखणं थांबलं तरी तिला एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम रोज द्या. सामन्यात लेस असलेला अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घातला तर फायदा होतो.

शूज हातात घेऊन दोन गोष्टी बघा. एका हातात टाच, दुसऱ्यात पुढचा भाग धरून ओला टॉवेल पिळतो तसं पिळा. सहज पिळला जात असेल तर मधला भाग कच्चा आहे. मग दुमडून पाहा. जिथून बोटं वळतात तिथेच दुमडला पाहिजे, बुटाच्या मधोमध नाही. करंगळीच्या बाजूला सोल थोडा बाहेर आलेला असेल तर बाजूला सरकताना पाय उलटत नाही.

आणि मुलींचं विसरू नका. दुकानात मिळणारे बरेच बास्केटबॉल शूज मुलांच्या मापाचे असतात, त्यात मुलींची टाच सैल राहते.

धागाकर्ता (मुलीचे बाबा):

दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी सहाला कोर्टवर गेलो, खडू, टेप, फडकं सगळं घेऊन. तिच्या दोन मैत्रिणी मदतीला आल्या.

धुळीच्या जागी नवा जोड सरासरी नऊ सेंटिमीटर पुढे गेला, जुना चार. पुसलेल्या जागी नवा जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे रबर हॉलसाठीच आहे. पण पुसलेल्या जागेचा व्हिडिओ सावकाश पाहिला तेव्हा कळलं: सोल जागेवर आहे, आणि थांबताना तिची टाच बुटातून उचलली जातेय. बोट घालून पाहिलं तर टाचेमागे माझी तर्जनी सहज गेली.

साइज विचारलात. तिला चार नंबर लागतो. वाढतं वय आहे, पुढच्या वर्षी चालतील म्हणून मी पाच घेतला. तिने दुकानातच सांगितलं होतं थोडे मोठे वाटतात, मी म्हटलं जाड मोजे घाल. तिचा पाय माझ्या त्या हिशेबाने मुरगळला, हे मला लागलंय. तिची माफी मागितली.

तात्पुरतं तिच्या मैत्रिणीने दाखवलं तसं शेवटच्या भोकांत लेसचा फासा करून आवळलंय. टाच बरीच बसली, बोटं मात्र अजून थोडी पुढे जातात. हा जोड आता फक्त हॉलसाठी. सिमेंटसाठी चार नंबरचा जाड रबराचा घ्यायचाय, अडीच हजारांपर्यंत, आणि या वेळी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, तिचे खेळायचे मोजे घालून, तीच ठरवेल.

एकच विचारायचं राहिलं: तोवर या मोठ्या जोडात जास्तीचा इनसोल (बुटाच्या आतला सुटा तळ) घातला तर चालेल, की टाच वर येऊन घोट्याला अजून धोका?

घोट्याची_काळजी यांचं उत्तर:

पूर्ण लांबीचा पातळ इनसोल चालेल, मूळचा काढून त्या जागी. एकावर एक दोन घालू नका, पाय बुटाच्या काठाच्या वर येतो. नुसती टाचेखालची गादी तर अजिबात नको. आणि ते नख डॉक्टरांना दाखवा, खाली रक्त साठून ठणकत असेल तर लगेच.