उताऱ्यावरचे प्रश्न तुम्ही कसे सोडवायचात? (अनुभव धागा)

नवीपेठ_मावशी
काल भाचीचा स्कॉलरशिपचा सराव पेपर तपासत बसले होते आणि आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या. आमच्या वेळी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, २०१७ ला पाचवी-आठवीला गेली, उतारे मात्र तसेच. बाई उत्तर ऐकून घ्यायच्याच नाहीत, आधी विचारायच्या "बोट कुठंय?" म्हणजे उत्तर ज्या ओळीतनं आलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट नाही तर मार्क नाही, उत्तर बरोबर असलं तरी.
भाचीच्या उताऱ्यात होतं, पाऊस लांबला म्हणून गावानं ज्वारीची पेरणी पुढं ढकलली. प्रश्न, पेरणी उशिरा का झाली? तिनं गोल केला "दुष्काळ पडला" वर. सोलापूरची पोर, कळायला लागल्यापासून दुष्काळ ऐकतेय, तिला तेच खरं वाटणार ना. पण अख्ख्या उताऱ्यात दुष्काळ कुठंच नाही. म्हटलं बोट ठेव. वरून खाली दोनदा शोधलं आणि स्वतःच खोडलं तिनं.
तुम्हाला कुणी कसं शिकवलं ते लिहा, स्कॉलरशिप, नवोदय, एमपीएससी काहीही चालेल.

ज्वारी_हुरडा
बोट!! आमच्या गुरुजींची पट्टी असायची, बोट चुकलं की पट्टी 😄

पूर्वभाग_टीचर
मावशी फार छान धागा. मी सोलापूरच्या पूर्व भागात मराठी शाळेत शिकवते, वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळता वळता जे बोलते ते तेलुगू, आणि पेपर मराठीत. वाचतात अगदी खडाखडा हो, पण "त्याने त्याला ते परत दिले" आलं की अडलं, कुणी कुणाला काय दिलं? म्हणून मी एकच काम लावते. पेन्सिलनं प्रत्येक "तो, ती, ते, त्यांना, हे" च्या डोक्यावर नाव लिहायचं. रमेशने सुरेशला पुस्तक परत दिले. सुरुवातीला वेळ जातो, पण महिना-दीड महिन्यात लिहायची गरज राहत नाही, डोळ्यांनीच लावतात. ही मुलं कमी हुशार नाहीत, दोन भाषा डोक्यात घेऊन बसतात आणि तरी वेळेत पेपर सोडवतात, याचं कौतुक कुणी करत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

ज्वारी_हुरडा
टीचर तुम्हाला नमस्कार 🙏 आमच्या घरी कन्नड, अक्कलकोट साइड. सेम.

सातरस्ता_अभ्यासू
मी एमपीएससीवाला. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सीसॅट, म्हणजे उतारे आणि बुद्धिमत्तेचा दुसरा पेपर, ८० प्रश्न २०० मार्क २ तास, आणि आता नुसता क्वालिफाइंग, म्हणजे फक्त पास व्हायचं, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क लागतात. एका प्रश्नाला अडीच, चुकलं की पाव भाग कट. म्हणजे २७ बरोबर आणि चूक शून्य तर साडेसदुसष्ट, सुटलात. पोरं हे गणित न करता सगळे उतारे फोडायला जातात आणि शेवटी शेवटी अंदाजे गोळे करतात, तिथंच मार्क जातात.
माझी पद्धत, आधी प्रश्न वाचायचे, पर्याय नाही, फक्त प्रश्न. मग उतारा. "केवळ, सर्वच, कधीच नाही" असले शब्द पर्यायात दिसले की सावध, पण डोळे झाकून काटायचं नाही, उताऱ्यानंच "केवळ" म्हटलं असेल तर तोच पर्याय बरोबर असतो. मराठी वाक्य गुंतलेलं वाटलं तर सोबतचं इंग्रजी बघून घ्या, कधी कधी तिथं सरळ असतं.

नवीपेठ_मावशी
आधी प्रश्न? बाई आधी उतारा म्हणायच्या.

सातरस्ता_अभ्यासू
लहान उतारा असेल तर बाई बरोबर आहेत मावशी. दहा-बारा ओळी एका दमात वाचून होतात. आमचे उतारे अर्धं पान, शेती-अर्थशास्त्र-तत्त्वज्ञान, काय शोधायचं ते माहीत नसेल तर परत परत वर जावं लागतं.

मोहोळची_आई
पोरगी नवोदयला बसलीय, पोखरापूरच्या नवोदय शाळेत नंबर लागावा म्हणून सगळं घर मागं लागलंय. परीक्षेत भाषेचे ४ उतारे, प्रत्येकी ५ प्रश्न, २५ मार्क. निगेटिव्ह नाही त्यामुळं एकही सोडायचा नाही हे तिला पाठ झालंय. पण शीर्षकाच्या प्रश्नाला हमखास अडते, काय करू? स्वयंपाक चालूय, रात्री वाचते

पूर्वभाग_टीचर
मोहोळच्या ताई, शीर्षक टोपीसारखं बघायला सांगा. एकाच परिच्छेदाबद्दल असेल तर टोपी लहान. समजा उतारा मधमाश्यांवर आहे, पोळं, परागीभवन, मध सगळं आलंय, तर "मधाचे औषधी उपयोग" लहान, "निसर्गातील कीटक" मोठी. "उपयोगी मधमाशी" बसली.

पार्कचौक_९१
विषय थोडा वेगळा पण सीसॅट वरनं आठवलं, हिराचंद नेमचंद वाचनालयात पेपर वाचायला जायचो आम्ही, अग्रलेख वाचून मित्र एकमेकांना प्रश्न टाकायचे, हरेल त्यानं चहा. आता दोघं पीएसआय आहेत. अभ्यासू, तू कुठं बसतोस रे अभ्यासाला? रूमवर एप्रिल-मेत कसं होतं? पत्र्याखाली असशील तर पहाटेच उरक बाबा

सातरस्ता_अभ्यासू
पत्राच आहे दादा. पहाटे चार ते नऊ.

पार्कचौक_९१
काही लागलं तर मेसेज टाक. खरंच टाक.

ज्वारी_हुरडा
हुरड्याला या सगळे, परीक्षा झाल्यावर

बाळीवेस_बाबा
माझा मुलगा फार हळू वाचतो, आठवीत आहे, घरी सगळे त्याला बोलतात त्यामुळं आता पेपर बघितला की घाम फुटतो त्याला. काही सांगा प्लीज.

पूर्वभाग_टीचर
बाबा, आधी घरच्यांना बोलायचं बंद करायला सांगा, ते सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळ काही दिवस बाजूला ठेवा. रोज पेपरातली एक छोटी बातमी, मोठ्यानं वाचायची, आणि प्रश्न त्यानं काढायचे, तुम्ही सोडवायचे! चार पर्यायही त्यानंच बनवायचे. तीन चुकीचे पर्याय बनवताना मुलाला आपोआप कळतं की पेपर काढणारा कसा फसवतो, एकात आकडा बदलतो, एकात कारण आणि परिणामाची अदलाबदल, एकात उताऱ्याबाहेरचं पण खरं वाटणारं. आणि प्रश्नातल्या "नाही" ला कायम गोल करायचा, "कोणते विधान योग्य नाही" मधलं "नाही" घाईत निसटतं.

बाळीवेस_बाबा
आज रात्रीच बसतो त्याच्याबरोबर. धन्यवाद ताई.

मोहोळची_आई
टोपी चाललीय!! आत्ता तीन उतारे केले, तिन्ही शीर्षकं बरोबर. भाकरी करपली एक पण असू दे

नवीपेठ_मावशी
मोहोळच्या ताई 😍 टीचर, ते पर्याय बनवायचं भाचीबरोबर रविवारी करून बघते. नवोदयवाल्या आणखी कुणाच्या आया असतील तर लिहा, गणिताचा वेगळा धागा काढू का?

मोहोळची_आई
काढा काढा, अपूर्णांकावर आधी