जादा पैशांचा पास घेऊन रांग टाळावी, की दिवसच नीट आखावा?

शाहूपुरीकर, सातारा

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाण्याचे आमच्या घरी ठरत आहे. ११ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी, आम्ही दोघे आणि माझी आई असे पाच जण आहोत. तिकिटांचा विषय निघाला आणि घरात दोन पक्ष पडले, कारण नेहमीच्या तिकिटावर बरीच जादा रक्कम भरली की वेगळ्या दाराने, फारसे न थांबता राइडवर सोडणारा एक्स्प्रेस पास मिळतो आणि तो घ्यावाच, असे पत्नीचे म्हणणे आहे.

मी याच्या विरोधात आहे, आणि हा विरोध केवळ पैशांपोटी नाही. गर्दीच्या दिवशीही पार्कमध्ये सगळीकडे सारखी रांग नसते. गेट उघडले की लोंढा समोर दिसणाऱ्या आणि जाहिरातीत पाहिलेल्या राइडकडे धावतो. तेवढ्या वेळात आपण मागच्या टोकापासून सुरुवात केली, सगळे एक वाजता जेवायला बसतात त्याच्या तासभर आधी आपण जेवून घेतले आणि परेड पाहायला गर्दी जमते तेव्हा ज्यांना तिच्यात रस नाही त्यांनी मोठ्या राइड उरकल्या, तर पासाशिवायही दिवस भरगच्च जातो. (बाहेरचे खाणे आत नेता येत नसल्याने आईच्या धपाट्यांचा डबा पार्किंगमध्येच संपवावा लागणार, एवढी एकच कुरकुर माझी आहे.) शिवाय पैसे टाकले की दुसऱ्याच्या पुढे जाता येते, हा धडा मुलांना आपल्याच खर्चाने द्यावा का, असाही प्रश्न आहे. आपले मत कळवावे.

विश्रामबागकर, सांगली

भाऊ, आपला हिशेब सातारकराचा आहे. आपल्याला इमॅजिका जवळपास २०० किलोमीटर पडते. आम्हाला पेठनाक्याला महामार्ग लागेपर्यंतच तास जातो आणि त्यानंतर कराड, सातारा, खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, द्रुतगती मार्ग आणि बोरघाट हा सगळा पल्ला बाकीच असतो. आमचे हे साखर कारखान्यात आहेत, त्यामुळे एकदा गाळप सुरू झाले की रजेचे नाव काढायचे नाही. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे पथ्यपाणी आणि कारखान्याचा हंगाम यांतून फट काढून असा एखादा दिवस हाती लागतो. पेट्रोल, टोल आणि लोणावळ्यातला एक मुक्काम यांची बेरीज केली, तर पासाची रक्कम त्या मानाने फार मोठी राहत नाही; मात्र तो न घेतल्यामुळे दुपारपर्यंत दोनच राइड झाल्या, तर बाकीचा सगळा खर्च वाया गेल्यासारखाच होतो.

मागच्या टोकापासून सुरुवात करण्याची युक्ती आता सगळ्यांनाच ठाऊक झाली आहे, हेही नम्रपणे सांगते. आणि धड्याचे म्हणाल, तर मुलांना थांबायला शिकवण्यासाठी आपल्याकडे रेशनचे दुकान, बँक आणि दवाखाना अशा भरपूर जागा आहेत. त्यासाठी तिकीट काढून खोपोलीला जाण्याची आवश्यकता नाही.

माहुलीकर, सातारा

ताई, आपला नाइलाज समजू शकतो, परंतु पासाने रांग नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या माथी जाते. समजा एका राइडमध्ये २४ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक फेरी सुटते, म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४८० माणसे झाली. साध्या रांगेत २४० जण असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर अर्ध्या तासात लागला पाहिजे. आता प्रत्येक फेरीतल्या निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या, तर त्याच माणसाला पूर्ण तास थांबावे लागेल. राइडचा वेग तोच आणि माणसेही तेवढीच. ज्याने जादा पैसे दिले नाहीत, त्याचा अर्धा तास काढून ज्याने दिले, त्याला विकला इतकेच. पुढे साध्या रांगेतली माणसे कंटाळून पास घेऊ लागली की पासाचीही रांग वाढते आणि मग त्याहून महागडा पास बाजारात येतो.

हे केवळ कल्पनेतले नाही. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून पुढच्या वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर इकडेतिकडे फिरायचे आणि दिलेल्या वेळी परत यायचे, अशी ती सोय होती आणि ती प्रत्येकाला सारखीच मिळत असे. २०२१ मध्ये ती बंद करून त्याच तत्त्वावर पैसे घेऊन सेवा देण्यास सुरुवात झाली. रांग कमी करण्याची युक्ती रांगेवर पैसे मिळवण्याची युक्ती होते, ती अशी.

मिरजकर

माहुलीकरांचा हिशेब बिनचूक आहे, पण तो सगळीकडे लावायचा झाल्यास आपल्यापैकी किती जण त्यातून सुटतील? तिरुपतीला ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन घेताना सर्वदर्शनाच्या रांगेतल्या माणसाचा वेळ आपण विकत घेतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही. उलट गावी परतल्यावर दर्शन किती लवकर झाले, ते आपण कौतुकाने सांगतो. देवाच्या दारी जे चालते ते पाळण्यांच्या दारी मात्र मुलांचे संस्कार बिघडवते, हे मला पटत नाही. थीम पार्क ही खासगी करमणुकीची जागा आहे. तिथे तिकीट काढून आत गेलेला प्रत्येक जण पैसे देऊनच आलेला असतो, आणि ज्यांना ते तिकीटही परवडत नाही त्यांची रांग तर आपल्याला दिसतसुद्धा नाही. तेव्हा समानतेची चाड गेटच्या आत गेल्यावरच का जागी व्हावी?

माहुलीकर, सातारा

मिरजकर, तिरुपतीचे मलाही पटत नाही, म्हणून उदाहरण चुकीच्या माणसाला दिलेत. आणि गेटच्या बाहेरची विषमता मला मोडता येत नाही, यावरून आतली मी वाढवावी असे निघत नाही.

वाईचे गुरुजी

येथे अजून कोणी मूळ कारणाकडे वळलेले नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा किंवा मे महिन्यातला रविवार निवडला, तर पास घ्या अथवा घेऊ नका, गर्दी भोगावीच लागणार. दिवसाची निवड हाच सर्वांत मोठा निर्णय आहे आणि तो फुकट घेता येतो. पालक यावर लगेच शाळा बुडवून मंगळवारी-बुधवारी जाण्याचा उपाय सुचवतात. शिक्षक म्हणून मी त्याला अनुमोदन देणार नाही, कारण एकदा करमणुकीसाठी शाळा बुडवता येते हे घरच्यांनीच दाखवून दिले की दुसऱ्या वेळी मुलाला पोटदुखीचे निमित्त शोधावे लागत नाही.

शाळा न बुडवताही मधला वार मिळू शकतो. शाळांच्या वार्षिक सुट्ट्यांच्या यादीत मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एक-दोन सुट्ट्या असतात, आणि त्या गावची यात्रा किंवा स्थानिक सण पाहून दिल्या जातात. त्या दिवशी आपल्या गावातली मुले मोकळी असतात, पण मुंबई, पुणे, ठाणे येथील शाळा सुरू असतात. शाळेतून ती तारीख आधी विचारून घ्यावी आणि रजेचा अर्ज त्यानुसार टाकावा.

करंजेकर, सातारा

गुरुजी, यात्रेच्या दिवशी गाव सोडून खोपोलीला गेलो, तर घरातली मंडळी आम्हाला परत आत घेणार नाहीत. तेवढे वगळता सूचना उत्तम आहे. मात्र डिसेंबर-जानेवारीत मधला वार म्हणजे मोकळा पार्क, असे कोणी समजू नये. तो शाळांच्या सहलींचा मोसम असतो आणि एसटी शैक्षणिक सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देत असल्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून बस निघतात. एकेका शाळेची दीड-दोनशे मुले एकाच वेळी रांगेत उतरली की वार कोणता याला अर्थ राहत नाही. सहलवाल्यांना संध्याकाळी वेळेत निघावे लागते, म्हणून अशा दिवशी मोठ्या राइड शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवाव्यात.

कोरेगावकर

पास घ्यावा की नाही हे ठरवण्याआधी पाचांपैकी कोण कशावर बसणार, हे घरीच पाहून घ्यावे. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करायचे, टाचा भिंतीला लावायच्या, डोक्यावर वही आडवी धरायची, पेन्सिलीने खूण करायची आणि जमिनीपासून टेपने मोजायचे. पार्कमध्ये मुलाचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते आणि मोठ्या राइडच्या तोंडाशीही उंचीचीच पट्टी असते. नायट्रोसारख्या, पायाखाली फरशी नसलेल्या रोलर कोस्टरवर ६ वर्षांचे मूल बसूच शकणार नाही. डीप स्पेस पूर्ण अंधारात धावते, तेव्हा तिथे उंची पुरली तरी धीर पुरेल का, हे विचारून घ्यावे. घरी न मोजता गेलेल्या मुलाला तासभर रांगेत उभे राहिल्यावर पट्टीपाशी नकार मिळतो आणि तिथून पुढे त्या कुटुंबाचा दिवस रडण्यात जातो.

शाहूपुरीकरांच्या घरात मोठ्या राइडचे गिऱ्हाईक फार तर दोन, म्हणजे मुलगा आणि आई-वडिलांपैकी एक. पाच पासांचा वाद दोन पासांवर आला की त्यातली हवा बरीच निघून जाते. पासाच्या अटीही नीट वाचाव्यात. तो कोणत्या राइडना लागू आहे आणि एका राइडवर एकदाच चालतो की पुन्हा पुन्हा, यावर त्याची खरी किंमत ठरते.

कृष्णाकाठची आजी, सांगली

बाळांनो, इतका वेळ तुम्ही सगळे बोलत आहात, पण शाहूपुरीकरांची आई त्या दिवशी काय करणार, याची चौकशी कोणीही केली नाही. मी सांगते. ती बाकावर बसून चार पिशव्या, दोन पाण्याच्या बाटल्या, चपला आणि सर्वांचे मोबाइल सांभाळणार. मी हे काम मुलासुनेबरोबर केलेले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण माणसे पाहण्यातही दिवस चांगला जातो. तक्रार एवढीच आहे, की ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून गेलेली मंडळी दीड तासाने येतात, त्यांचे फोन माझ्याच पिशवीत असतात आणि आवाज दिला तरी ऐकणार कोण?

माझे मत विचाराल, तर पास नको आणि पाचही जणांनी एकाच रांगेत उभे राहण्याचा हट्टही नको. धाकटीला चक्री-घोड्यांवर बसवायचे काम आजीकडे द्यावे. तिथली रांग लवकर सरकते आणि नातीला आजी हक्काची मिळते. मोठ्यांनी एक फोन आमच्याकडे ठेवून एक स्वतःकडे ठेवावा. आजीचे तिकीट काढण्याआधी तिच्या गुडघ्यांना मात्र विचारावे. इतके चालणे ज्यांना झेपत नाही, त्यांना घरी राहायचे असेल तर तसे म्हणू द्यावे. ‘तुझ्याशिवाय मजा नाही’ असे सांगून उन्हात फिरवण्यात माया नसते.

विश्रामबागकर, सांगली

आजी, आपल्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, पण आपले म्हणणे माझ्याच बाजूचे आहे. मोठी मंडळी पास घेऊन लवकर परतली, तर बाकावरचा दीड तास अर्ध्या तासावर येईल. माहुलीकरांनी ज्या परक्या माणसाच्या अर्ध्या तासाची काळजी केली, त्याच्याआधी मला माझ्या सासऱ्यांचा एक तास दिसतो. ते साखरेचे रुग्ण आहेत आणि त्यांच्या जेवणाची वेळ रांगेच्या सोयीने बदलता येत नाही.

माहुलीकर, सातारा

ताई, त्या साध्या रांगेतही कोणाचे तरी सासरे बाकावर बसलेलेच असतात.

शाहूपुरीकर, सातारा

सर्वांचे आभार. आजी, आपला मजकूर आईला वाचून दाखवला. ‘पिशव्यांचे अगदी खरे आहे’ एवढेच ती म्हणाली आणि धाकटीला सांभाळायला आनंदाने तयार झाली. कोरेगावकरांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही मुलांची उंची मोजली. मुलगा खूश आहे, मुलगी पेन्सिलीच्या खुणेवर आणखी एक खूण करून ‘आता वाढले’ असे सांगत फिरते आहे.

पासाला माझा विरोध कायम आहे, अगदी दोन पासांनाही. रांगेत वेळ कसा जातो, हे रांगेच्या लांबीइतकेच आपण त्या वेळाचे काय करतो यावरही ठरते. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो, असे मांडले होते, आणि मोठे पार्क रांगेच्या वाटेवर देखावे उभारतात तेही यासाठीच. राजासॉरस रिव्हरच्या रांगेत मी मुलाला सांगणार आहे, की राजासॉरस हे नाव पार्कवाल्यांनी रचलेले नसून तो आपल्या देशातलाच खराखुरा डायनोसॉर होता, त्याचे अवशेष गुजरातेत आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. पास असता तर हे सांगायला सवडच मिळाली नसती. वाचलेल्या पैशांतून आम्ही आदल्या रात्री खोपोलीत मुक्काम करत आहोत, म्हणजे गेट उघडण्याआधी अर्धा तास तिथे पोहोचू. दिवसभर फिरून झाल्यावर त्याच रात्री खंबाटकीच्या कोंडीतून गाडी चालवण्याऐवजी परतीच्या वाटेवर पुण्याला बहिणीकडे थांबू.

विश्रामबागकर, सांगली

भाऊ, ज्याची बहीण पुण्यात राहते, त्याला तत्त्वाने वागणे सोपे जाते. आम्ही गाळप संपल्यावर, एप्रिलच्या परीक्षा आटोपताच जाणार आहोत. पास दोनच घेऊ, माझा आणि थोरलीचा, आणि धाकटा आजोबांबरोबर बोटींकडे राहील. डायनोसॉरची माहिती मात्र आपल्याकडून उसनी घेते. ती मी गाडीत, पेठनाक्याच्या पुढे सांगेन. वेळ तिथेही भरपूर असतो.