भाजलेल्या लाल मिरचीची पेस्ट वर्षभर टिकवून निर्यात करता येईल का?

प्रश्न: भोसरी_उद्योजिका

नमस्कार. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा लोणची आणि ठेचा तयार करणारा छोटा कारखाना आहे. उत्तर मॅसिडोनियात लाल मिरची भाजून, सोलून, तेलात आटवून केलेली ‘आय्वार’ नावाची पेस्ट मी अलीकडेच चाखली. जेमतेम १८ लाख वस्तीचा आणि समुद्रकिनारा नसलेला हा देश ती काचेच्या बरण्यांतून जर्मनीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पाठवतो. नारायणगाव आणि तळेगाव भागातल्या पॉलिहाऊसमधील लाल ढोबळी मिरची वापरून तसाच पदार्थ करावा आणि युरोप-अमेरिकेत पाठवावा, असा माझा मानस आहे. लोणच्याप्रमाणे मीठ आणि वर तेलाचा थर एवढ्यावर ही पेस्ट फ्रीजबाहेर वर्षभर टिकेल का? व्हिनेगरची चव मला नको आहे. परवानग्यांची सुरुवात कुठून करावी, हेही कृपया सांगावे.

उत्तर: अन्नतंत्रज्ञ

तेलाच्या थरावर भरवसा ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या लोणच्यात मीठ भरपूर असते आणि कैरी किंवा लिंबू स्वतःच आंबट असते, म्हणून ते टिकते. तेलाचे काम तिथे दुय्यम आहे. ढोबळी मिरचीचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) साधारण ५ च्या आसपास असतो आणि या पेस्टमध्ये मीठ बेताचेच घालतात. अशा पदार्थावर तेल ओतले की हवा बंद होते, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू नेमका हवा नसलेल्या जागीच वाढून विष तयार करतो. त्याचे बीजाणू पाणी उकळण्याच्या तापमानाला मरत नाहीत, आणि विष झालेल्या बरणीचा वास किंवा चव बदललेली असेलच असे नाही. १९७७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात घरगुती पद्धतीने बरणीबंद केलेल्या मिरच्यांमुळे ५९ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाली होती, तर १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे फ्रीजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना झाली होती.

मार्ग दोनच आहेत. बरणीबंद पेस्टला रिटॉर्टमध्ये (मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात) दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची प्रक्रिया द्यायची, ज्यात यंत्रांचा खर्च मोठा आणि भाजल्याचा खमंगपणाही कमी होतो. किंवा पेस्टचा पीएच ४.६ च्या खाली आणून ती गरम असतानाच बरणीत भरायची. आपल्यासारख्या कारखान्याला दुसरा मार्ग योग्य आहे, मात्र ४.६ ही शेवटची सीमा आहे, लक्ष्य नव्हे. मी ४.२ च्या आसपास थांबण्याचा सल्ला देईन. आम्ल तेलाच्या आधी, वाटलेल्या गरात एकजीव करावे, कारण तेलाने वेढलेल्या तुकड्यांत ते सहज शिरत नाही. मोजणी गरम पेस्टवर करून भागत नाही. बरणी थंड होऊन आतला पीएच सगळीकडे सारखा झाल्यावर, दर घाण्याची, प्रमाणित केलेल्या मीटरवर करावी लागते. आय्वारमध्ये काही जण भाजलेले वांगे घालतात. वांगे आणि लसूण मिरचीहूनही कमी आम्लधर्मी असल्यामुळे त्यांचे प्रमाण बदलले की आम्लाचे गणित पुन्हा मांडावे लागते.

उत्तर: निर्यात_व्यवहार

आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आणि अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी ही इथली कागदपत्रे तुलनेने सरळ आहेत. अवघड भाग पलीकडे आहे. अमेरिकेत अशी पेस्ट ‘आम्लीकृत अन्न’ या वर्गात येते. त्यासाठी कारखान्याची एफडीएकडे (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे) नोंदणी, प्रत्येक पदार्थाची आणि बरणीच्या आकाराची ठरवून दिलेली प्रक्रिया तिथे दाखल करणे, आणि उत्पादनावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आवश्यक असते. युरोपात अशी प्रक्रिया दाखल करावी लागत नाही. तिथे कीटकनाशकांचे अवशेष पाहिले जातात, आणि ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. शिवाय मिरची आटवल्यावर अवशेषांचे प्रमाणही दाट होऊ शकते, म्हणून तपासणी तयार पेस्टची तर करावीच, पण ताज्या मालाचीही करावी.

मॅसिडोनियाशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोपीय संघाशी त्यांचा सहयोग करार २००४ पासून लागू आहे, माल ट्रकने थेट मध्य युरोपात जातो, आणि जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया इथे स्थायिक झालेले त्यांचे लोक हे पहिले गिऱ्हाईक आहे. आपल्याला न्हावाशेवाहून काचेच्या वजनाचे भाडे मोजावे लागेल. म्हणून आधी आयातदार शोधावा, कारण युरोपातल्या लेबलवर त्याचेच नाव आणि पत्ता लागतो.

उत्तर: मावळचा_शेतकरी

कच्च्या मालाबद्दल थोडे लिहितो. तिकडे ‘कापिया’ प्रकारची लांबट, जाड गराची मिरची वापरतात. ती चपटी असल्याने सगळीकडून सारखी भाजली जाते आणि तिची साल सहज निघते. आमची चौकोनी ढोबळी खोबणीत कच्ची राहते आणि तिच्यात पाणीही बरेच असते, त्यामुळे भाजून, सोलून, रात्रभर निथळून आटवल्यावर हाती येणारे वजन पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये. मार्केट यार्डातला मिश्र माल तर घेऊच नये. दोन-तीन शेतकऱ्यांशी फवारणीच्या नोंदीसह करार केला, तरच अवशेषांचा प्रश्न हातात राहील.

भोसरी_उद्योजिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगर टाळून दुसरे आम्ल चालेल का?

अन्नतंत्रज्ञ

चालेल. सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लाला व्हिनेगरचा उग्र वास नसतो, आणि किंचित साखर घातल्यास आंबटपणा मागे पडतो, मात्र आम्लाची नोंद लेबलवर करावी लागेल. चव आधी ठरवून शेवटी आम्ल घालण्याऐवजी, पीएच ४.२ झालेल्या गरावरच मीठ, साखर आणि तेल जुळवत जावे. एक छोटा घाणा करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पीएच, जलक्रियता (जंतूंना वाढीसाठी मिळू शकणाऱ्या पाण्याचे माप) आणि कीटकनाशकांचे अवशेष तपासून घ्यावेत. ते अहवाल हाती येईपर्यंत नमुन्याची एकही बरणी कोणाला खायला देऊ नये.