सांडलं की मुद्दाम घेतलं?
चांगल्या-वाईट वागण्याची चित्रं देऊन मुलांना दोन गट करायला लावायचे ही चांगलं-वाईट शिकवायची पद्धत मला पटते, पण त्यात हेतू सुटतोय. लहान पोरं बऱ्याचदा नुकसान किती झालं त्यावरच ठरवतात, स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९३२ मध्ये हेच दाखवलं होतं, चुकून पंधरा कप फोडणारा त्यांना चोरून जाम काढताना एकच फोडणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो. इथं सांगलीत बालवाडीत मी भडंगाची गोष्ट सांगते, एकीनं आईला मदत करताना अख्खा डबा सांडला, दुसरीनं ताईच्या वाटीतलं मूठभर गुपचूप खाल्लं. बारकी पोरं डबावालीलाच वाईट म्हणतात! मग ‘तिला सांडायचं होतं का रे?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं, उत्तर अजिबात द्यायचं नाही, त्यांना आपसात भांडू द्यायचं. आणि सांडलेलं भरायला तिनं हात लावायचा, हे शेवटी पोरंच सांगतात.